मनाला येईल ते द्या

एकदा एक व्यापारी होता आणि त्याला फुकटाची चटक लागलेली होती. अशी गोष्ट खरं तर एखाद्या ज्ञानी वृद्धापासून सुरू करायची रीत आहे. तो वृद्धही येईल. पण आधी ह्या गृहस्थाची ओळख करून घेऊ, कारण आपल्यापैकी पुष्कळांची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडलेली असते, आणि गाठ पडून गेल्यावरही आपण त्याला भला माणूसच म्हणत राहतो.

त्याचा शेल्यांचा व्यापार होता. नगराच्या मोठ्या पेठेत दुमजली दुकान, पांढरीशुभ्र गादी, गादीवर लोड-तक्के आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवणारी मधाळ वाणी. विणकराचे पैसे तो वेळेवर देई, कारण ते थकले की माग थांबत. हमालाचे देई, कारण हमाल गाठोडं भर रस्त्यात टाकून चालता होई. पण गाणारी, सोंगं आणणारी, चित्रं काढणारी माणसं दारात आली की त्याचा चेहरा प्रेमाने ओथंबून जाई. "अहो, आपलंच दुकान समजा," तो म्हणे. ज्याला ज्याला तो असं म्हणाला, तो रिकाम्या हाताने आणि भरल्या मनाने घरी गेला. रिकामा हात घरी गेल्यावर लक्षात यायचा.

त्याच नगरात एक तरुण मुलगी एका वृद्ध गुरूंकडे चित्रकथेची विद्या शिकली होती. जाड कागदावर गोष्टीतला एकेक प्रसंग रंगवायचा, मग जत्रेत ते कागद एकामागून एक लोकांसमोर धरायचे आणि गात, बोलत, हसवत-रडवत गोष्ट पुढे न्यायची, अशी ती विद्या. मुलीच्या हाताला देखणेपण होतं आणि गळ्याला गोडवा. तिची वनवासी राणीची गोष्ट सुरू झाली की शेजारचा पाळणेवाला कपाळाला हात लावून बसे. बायका राणीसाठी डोळे पुसत. आणि राणीने केस कसे बांधले होते, पदर कसा घेतला होता, हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एकमेकींना सांगत.

व्यापाऱ्याला ह्या सगळ्यातलं शेवटचं तेवढं नेमकं दिसलं. गोष्ट संपल्यावर तो तिच्यापाशी आला.

"पोरी, तुझ्या राणीच्या अंगावर आमच्या दुकानाचा शेला रंगव. तोच काठ, तीच नक्षी. आणि राणी आरशात बघते ना, तिथे दुकानाचं नाव सहज घे. तुझं केवढं नाव होईल बघ. बोल, काय देऊ तुला?"

मुलीला घाम फुटला. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तरी असं विचारत होतं, आणि उत्तरादाखल तिच्या तोंडून आपसूक ते वाक्य निघालं, जे आपल्याकडच्या प्रत्येक चांगल्या घरात मुलांना दुधाबरोबर पाजलेलं असतं.

"तुमच्या मनाला येईल ते द्या."

व्यापाऱ्याच्या मनाला एक शेला आला. पुढच्या जत्रेला आणखी एक आला. मग अत्तरवाला आला, त्याच्या मनाला एक कुपी आली. तांब्यापितळेवाल्याच्या मनाला झाकण नसलेला डबा आला. राणी आता त्या डब्यातून पाणी पिऊ लागली, त्या अत्तराचा वास घेऊ लागली आणि तो शेला पांघरून वनवासाला जाऊ लागली. मुलीचं नाव पंचक्रोशीत झालं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिच्या खोलीत जरीचे काठ लखलखत होते आणि चुलीवर पाणी उकळत होतं. त्यात टाकायला काही नसायचं. शेला शिजत नाही. अत्तराची आमटी होत नाही. रंग विकणाऱ्याने तिची उधारी बंद केली, आणि गावाकडून भावाचा निरोप आला.

भाऊ वाईट माणूस नव्हता. त्याने एवढंच कळवलं होतं की, जत्रा झाली की मी गाडी घेऊन येतो, तुझं सामान आवरून ठेव. आपल्या तेलघाण्यावर माणूस लागतोच आहे. चित्रं खूप झाली, आता चार घास सुखाचे खा. त्याच्या म्हणण्यात खोट काढावी अशी एकही जागा मुलीला सापडली नाही, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. घाण्याच्या तेलाने बरबटलेले हात पुन्हा कागदाला लावता येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. जत्रा तोंडावर आली होती.

ती तडक गुरूंकडे गेली.

गुरूंचा स्वभाव शांत, सागरासारखा गंभीर होता, असं सांगायला मला आवडलं असतं. तसा तो नव्हता. ते अंगणात बसून गेरू घोटत होते आणि घोटताना दगडावर राग काढल्यासारखा आवाज येत होता. मुलीने सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून ती अधिकच चिडली.

"त्यानं काय देऊ असं विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?" गुरूंनी विचारलं.

"मनाला येईल ते द्या म्हणाले. दुसरं काय म्हणणार, गुरुजी? कलेचा सौदा करू नये, असं आई सांगायची."

"तुझी आई कोणती कला विकायला बसली होती?"

कलेचा सौदा करू नये, हे वाक्य मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्यापैकी एकाचीही चूल कलेवर पेटत नव्हती, हे इथे जाता जाता नोंदवून ठेवतो.

गुरूंनी हात धुतले. "उद्या सकाळी पेठ उघडते त्या वेळी ये," ते म्हणाले. "मला शेठच्या दुकानात काम आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं पोचले, तेव्हा दुकानात नुकतीच उदबत्ती लागली होती. भवानी व्हायची होती. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती रोख आणि मनासारखी झाली की दिवस चांगला जातो, असं मानणारा हा वर्ग. भवानी होण्याआधी तो सख्ख्या भावाला उधार देत नाही.

"या गुरुजी, या," व्यापारी हात जोडत म्हणाला. "किती दिवसांनी पाय लागले. बसा. आपलंच दुकान समजा."

"बरं," गुरू म्हणाले.

आणि ते पायातली वहाण काढून थेट गादीवर चढले. त्यांनी लोड पाठीशी ओढला, गल्ल्याची पेटी मांडीजवळ घेतली आणि व्यापाऱ्याच्या जागी मांडी घालून बसले. व्यापारी हसला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल असं त्याला वाटलं. मुलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात एक बाई आली. तिच्या लेकीचं लग्न होतं, तिला शेला हवा होता. गुरूंनी फळीवरचा हिरव्या काठाचा शेला काढून तिच्यापुढे उलगडला.

"केवढ्याला?" बाईने विचारलं.

"तुमच्या मनाला येईल ते द्या," गुरू म्हणाले.

बाईने एकदा गुरूंकडे, एकदा व्यापाऱ्याकडे पाहिलं. "थट्टा करता का बाबा गरिबाची?"

"थट्टा कसली? तुम्ही हा पांघरून पाणवठ्यावर जाल, दुकानाचं नाव सांगाल. चार बायका बघतील. दुकानाचं नाव होईल. ते काय कमी आहे?"

बाईच्या पिशवीत देवळातून आणलेला नारळ होता. तिने तो भीत भीत गादीवर ठेवला. गुरूंनी नारळ कपाळाला लावला, शेल्याची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

व्यापाऱ्याने झेप घेऊन शेल्याचं दुसरं टोक धरलं. मधाळ वाणी कुठच्या कुठे गेली.

"डोकं फिरलंय का तुमचं? भवानीची वेळ आहे ही. नारळावर शेला देता? सूत काय झाडाला लागतं? विणकराच्या हातावर काय तुमचा नारळ ठेवू? नाव होईल म्हणे. नावानं काय चूल पेटते? आणि एकदा हिला नारळावर दिला की उद्या सगळा गाव नारळ घेऊन दारात उभा राहील. मी भीक मागू?"

बाईने शेला सोडला आणि आपला नारळ उचलला. "ठेवा तुमचा शेला तुम्हालाच," असं म्हणून ती निघून गेली, आणि तिचं काही चुकलं नाही.

गुरू गादीवरून उतरले. "माफ करा शेठ," ते म्हणाले. "मी म्हातारा माणूस. कुणी आपलंच दुकान म्हटलं की मला ते खरंच वाटतं."

बाहेर पडल्यावर पेठेच्या टोकाशी मुलीचा बांध फुटला. "हे काय केलंत गुरुजी? आता तो मला दारात उभी करणार नाही. पैसे तर नव्हतेच, शेलाही गेला. काय मिळवलंत?"

गुरू थांबले.

"तुझी उत्तरं मिळवली," ते म्हणाले. "मी तुला शिकवलं असतं, तर 'गुरुजींना व्यवहाराची हाव सुटली' असं तुझ्या मनात आलं असतं. म्हणून ज्याला व्यवहार कळतो, त्याच्याच तोंडून तुला ऐकवलं. आठव, काय म्हणाला तो. सूत झाडाला लागत नाही. तुझा कागद लागतो? विणकराला नारळ देता येत नाही. रंगवाल्याला देता येतो? नावानं चूल पेटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि तरी तुला तो नावावर जेवायला घालतो. आपल्या गादीवर त्यानं जे घटकाभर चालू दिलं नाही, ते तुझ्या गादीवर तो वर्षानुवर्षं करतोय. तो तुला घरची मानत नाही, पोरी. तो तुला दुकान मानत नाही. आणि का मानावं? तू अजून एकदाही भवानी केलेली नाहीस."

मुलीच्या कानशिलांत रक्त उसळलं. आजवर तिला स्वतःची कीव येत असे. आता पहिल्यांदा चीड आली, आणि त्या चिडीने पाठ ताठ होते हे तिच्या लक्षात आलं.

"मग काय मागू?"

"कागद, रंग, तुझे दिवस. आणि समोर जमणारी माणसं. ती माणसं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसतात. राणीनं शेला घेतला म्हणजे तो चांगलाच असणार, असं त्या बायकांना वाटतं. शेठला विकत हवाय तो त्यांचा विश्वास. तोच सगळ्यात महाग, हे त्याला कळतं, तुलाच कळत नाही. चित्राचे पाच रुपये सांग. अर्धे विसार म्हणून आधी, उरलेले जत्रा संपली की. आणि एक ध्यानात ठेव. दुकानाचं नाव घेशील तेव्हा 'हे शेठनी सांगितलंय म्हणून सांगते' असं लोकांना उघड सांगायचं. पैसे लपवून घेणारीचा शब्द फार दिवस चालत नाही."

तेव्हाचे पाच रुपये हं, हसू नका.

त्या दुपारी अंगणात सराव झाला. गुरू व्यापारी झाले. "काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"पाच रुपये," मुलगी म्हणाली. "पण तुम्हाला जास्त वाटत असतील तर..."

गुरूंनी घोटणी दगडावर आपटली. "हा 'पण' कुणाचा? शेठनं अजून तोंडही उघडलं नाही आणि तूच त्याच्या वतीनं घासाघीस सुरू केलीस. भीड भिकेची बहीण आहे, पोरी. पुन्हा."

पुन्हा पाच रुपये, पुन्हा पण. कधी 'पण'ऐवजी 'तसं काही नाही', कधी 'तुम्ही काय परके आहात का'. मुलीची जीभ सुखाने गप्प राहीना. शेवटी गुरूंनी तांब्या तिच्यापुढे सरकवला. चित्रकथा सांगणारे दोन प्रसंगांच्या मध्ये घोटभर पाणी पितात, तशी पद्धतच आहे. "आकडा सांगितलास की पाण्याचा घोट घे," गुरू म्हणाले, "आणि तो गिळू नकोस. समोरचा बोलून संपेपर्यंत तोंडात धर. बोलायचीच सोय ठेवू नकोस."

संध्याकाळी मुलगी दुकानात एकटी गेली. व्यापाऱ्याने सकाळचं काही घडलंच नाही असा चेहरा केला होता. त्या कलेत तो निष्णात होता.

"ये, ये. गुरुजींचं वय झालं, आपण काय मनावर घ्यायचं. ह्या जत्रेला राणीला जांभळा काठ दे. काय देऊ बोल."

"जरा पाणी द्याल का?" मुलगी म्हणाली. तांब्या आल्यावर तिने तो हातात घेतला. "चित्राचे पाच रुपये, शेठ. अर्धे विसार म्हणून आधी." आणि तिने घोट घेतला.

व्यापारी मोठ्याने हसला. मुलगी हसली नाही. तिला हसताच येत नव्हतं.

"पाच? अगं, घरच्या माणसांत कसले पैसे?" तो थांबला. उत्तर आलं नाही. "बरं, दोन शेले घे." उत्तर नाही. "तीन. आता तीन शेले म्हणजे काय थोडं झालं? हे बघ, गेल्या जत्रेला हिरवे काठ हातोहात खपले, अगदी एक उरला नाही, ते तुझ्या राणीमुळे, हे मी कधी नाकारलंय का? बायका राणीचा शेला म्हणूनच मागतात. पण म्हणून पैसे? अशी कशी तू बदललीस?"

मुलीचे गाल फुगलेले होते आणि डोळ्यांत पाणी जमलं होतं. एक उरला नाही. ती त्या वेळी चुलीवर पाणी उकळत होती. तिला हा तांब्या त्याच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर उपडा करावासा वाटला. 'पण' हा शब्द तरीही तिच्या घशाशी येऊन बसला होता, इतकी ती सवय मुरलेली होती. पाण्याने त्याला आत दाबून धरलं.

व्यापाऱ्याचा चेहरा कडक झाला. "ठीक आहे. कुंभारवाड्यात एक पोरगा चित्रं काढायला लागलाय. तो नारळावर करतो. तुझी मर्जी."

मुलीने घोट गिळला, तांब्या ठेवला आणि ती निघाली.

पुढची हकिगत अपेक्षेप्रमाणेच घडली. कुंभारवाड्यातल्या त्या मुलाने जांभळा काठ रंगवायला घेतल्याची बातमी आली. मुलगी धावतच गुरूंच्या अंगणात शिरली आणि त्या मुलाला बोल लावू लागली. लाचार आहे, नालायक आहे, त्याच्या हाताला धड रेघ येत नाही, असल्या नारळखाऊ पोरांमुळेच आपल्यासारख्यांचं वाटोळं होतं. "त्याच्यामुळे मला घाण्याला जावं लागणार, गुरुजी. त्याचे हात मोडोत."

"पुरे," गुरू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मुलीने तो आजवर असा ऐकला नव्हता. "शेठचे वडील गादीवर होते, तेव्हापासून राणीचा शेला मी रंगवत होतो. दर जत्रेला. रोखीनं."

"रोखीनं?" मुलीने विचारलं.

"एका वर्षी धाकटे शेठ म्हणाले, गुरुजी, आता नको. एक मुलगी आहे, ती मनाला येईल ते द्या म्हणते."

मुलीला बसावंसं वाटलं, पण बसायचंही धाडस होईना. गुरूंनी जत्रा सोडल्या, त्या गळा थकला म्हणून, असंच सगळ्यांसारखं तिलाही वाटत आलं होतं.

"मला का सांगितलं नाहीत?" ती शेवटी म्हणाली.

"रागावलो होतो. तुला महिनाभर नवं चित्र दाखवलं नव्हतं, आठवतं? माझी तब्येत बरी नाही असं वाटून तू काढा घेऊन आलीस. तो काढा मी तुझ्यादेखत ओतून द्यावा असं मला वाटलं होतं. आणि खरं सांगू का, लाजही वाटत होती. आम्ही शिष्यांना रंग घोटायला शिकवलं, राणीचे डोळे काढायला शिकवलं. ह्याचे किती घ्यायचे, हे कधी सांगितलं नाही. विद्येच्या घरात पैशाची भाषा नको. तुला दर ठाऊक असता, तर तू 'मनाला येईल ते द्या' म्हणाली नसतीस. मी सांगितला नाही, तू विचारला नाहीस. मी तुझ्यावर चिडून घरात बसलो आणि तो आपल्या दोघांवर हसत गादीवर बसला. आता तू त्या पोरावर चिड, घाण्याला जा, आणि पुढच्या वर्षी तो पोरगा आणखी कुणावर चिडेल. शेठला आणखी काय हवं?"

मुलगी आली तशीच निघाली, पण घरी गेली नाही.

कुंभारवाड्यातला मुलगा दारातच बसून जांभळा रंग कालवत होता. त्याने तिला ओळखलं आणि तो उठून उभा राहिला. तिच्या गोष्टी ऐकूनच त्याने चित्रं काढायला घेतली होती, हे त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं. मुलीला वाटलं होतं त्याहून तो फार बरा निघाला, आणि त्यामुळे तिचं काम अवघड झालं.

"शेठनी काय कबूल केलंय?"

"शेला देणार आहेत, ताई. आणि नारळ. शिवाय नाव होईल."

"माझं नाव झालंय. घरी ये, तुला माझा पिठाचा डबा दाखवते."

त्याला ते थट्टेचं वाटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटेनासं झालं. तिने त्याला आकडा सांगितला, विसाराचं सांगितलं, गेल्या जत्रेला एकही शेला उरला नव्हता ते सांगितलं. आपण कुणाचं काम बुडवलं तेही सांगितलं. ते सांगताना तिची मान खाली होती.

"तुझ्या वडिलांनी कधी मडकं दिलंय का कुणाला, मनाला येईल त्यावर?"

"बाबा? बाबा मडकं फोडतील, पण तसं देणार नाहीत."

"मग तू त्यांचाच मुलगा ना?"

मुलाने जांभळा रंग बाजूला सारला. "आणि मी नाही म्हटल्यावर त्यांनी तिसरा शोधला तर?"

"तर त्याच्याही घरी जाऊ. गावात चित्रं काढणारी अशी कितीशी डोकी आहेत?"

जत्रेच्या आदल्या दिवशी व्यापारी मुलीच्या दारात आला. तिच्या दाराची पायरी त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. चढताना तो अडखळला. कुंभाराच्या पोराला कुणीतरी भरवलंय, तो म्हणाला. इतके शेले विणून पडलेत, तो म्हणाला. किती म्हणाली होतीस तू?

"दर गुरुजी सांगतील," मुलगी म्हणाली. "राणीचा शेला मुळात त्यांचा. तिथे जो ठरेल तोच माझा, तोच त्या मुलाचा. आम्ही तिघं तीन गोष्टी सांगू, जत्रेला येणाऱ्या तिन्ही वाटांवर."

व्यापाऱ्याने तिच्या डोळ्यांत जुनी भीड शोधली. मग तो मुकाट्याने गुरूंच्या अंगणाकडे वळला. मुलगी त्याच्या मागोमाग गेली.

गुरू रंग घोटतच होते. व्यापारी उभ्यानेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही अजून चित्रं काढता?"

"काढतो," गुरू म्हणाले. "विचारायला कुणी येत नव्हतं."

व्यापाऱ्याने दर विचारला. "सहा रुपये. प्रत्येकी."

"मुलगी पाच म्हणाली होती."

"ते तेव्हा. आता आदला दिवस आहे, शेठ, आणि आम्हाला रात्र जागावी लागेल. उद्या लग्नघरची बाई घाईत आली तर तुम्ही शेला स्वस्त देता का?"

व्यापाऱ्याने कमरेची पिशवी सोडली. अर्धे पैसे विसार म्हणून त्याने गुरूंच्या हातावर ठेवले, आणि ह्या खेपेला कुणालाही आपलंच समजा असं तो म्हणाला नाही.

ठरल्याप्रमाणे भाऊ गाडी घेऊन आला. जत्रा भरात होती. त्याने मागे उभं राहून सगळी गोष्ट ऐकली, 'हे शेठनी सांगितलंय म्हणून सांगते' ह्या वाक्याला लोक हसले तेव्हा तोही हसला. रात्री बहिणीने त्याला तिच्या पैशाने आणलेल्या डाळीची आमटी वाढली. तो दोनदा मागून जेवला आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन घाण्याकडे परतला. जाताना चित्रं पुरे, असं काही तो म्हणाला नाही.

जत्रा उठल्यावर मुलगी गुरूंकडे गेली. तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. क्षमेचा शब्द काही तिच्या तोंडून फुटेना, तेव्हा तिने वेगळंच विचारलं.

"गुरुजी, राग गेला का तुमचा?"

"कशाला जाईल?" गुरू म्हणाले. "चांगला कामाचा राग आहे. इतकी वर्षं मी तो चुकीच्या माणसावर खर्च केला, एवढंच."

मुलीने मान हलवली आणि त्यांच्या हातातली घोटणी आपल्या हातात घेतली.

आज तुमच्या मोबाइलवर 'पैसे नाहीत, पण नाव होईल' असा गोड निरोप आला असेल, तर त्याला होकार देण्याआधी एवढंच विचारून बघा, की कालपर्यंत हे काम पैसे घेऊन कोण करत होतं.